शांततेचा ना-हरकत दाखला

वर्षाला हजार माणसं मेल्याशिवाय यादवी युद्ध धरत नाहीत. नऊशे नव्व्याण्णव मेली तर ती नुसती गडबड. हा हिशेब माझा नव्हे. अमेरिकेत 'कोरिलेट्स ऑफ वॉर' नावाचा प्रकल्प १९६३ पासून जगातल्या लढायांची खतावणी ठेवतोय, त्यांचा आहे. शिवाय दुबळ्या बाजूनंही प्रतिकार केलेला असावा लागतो. तिच्या जेवढ्या माणसांचा जीव गेला, त्याच्या निदान पाच टक्के तरी बलवान बाजूची पडली पाहिजेत. तेवढी पडली नाहीत तर ती कत्तल, आणि कत्तलीचा पेपर वेगळा असतो. स्वीडनचं उप्साला विद्यापीठ त्यामानानं मवाळ. ते २५ मृत्यूंवरही 'सशस्त्र संघर्ष' अशी नोंद घेतं. पण 'युद्ध' ही पदवी हवी असेल तर त्यांच्याकडेही हजारच लागतात.

इंग्लंडच्या उत्तरेकडच्या एका विद्यापीठात यादवी युद्ध आणि युद्धोत्तर पुनर्उभारणी या विषयात एम. ए. करायला मी गेले, तेव्हा सुरुवातीचे आठवडे या हजारावरच खर्ची पडले. लढाईत मेलेलेच मोजायचे, की नंतर पटकीनं मेलेलेही? बाहेर पाऊस पडत होता, आत हीटर चालू होता आणि आम्ही बिस्किटं खात कोणाला मेलेला धरायचं ते ठरवत होतो.

हे शिकायला मी निघाले तेव्हा नातेवाइकांची पंचाईत झाली होती. विलायतेला जाऊन आलेला माणूस एक तर डॉक्टर होतो किंवा कॉम्प्युटरवाला. मामा म्हणाला, "भांडणंच शिकायची तर एवढा खर्च कशाला? भावकीत चार लग्नं कर अटेंड." आत्याला 'युद्धोत्तर' या शब्दानं धीर आला. "संपल्यानंतरचं आहे ना? मग जा बाई." माझे वडील, अण्णा, तलाठी म्हणून निवृत्त झालेले. सबंध नोकरी सातारा जिल्ह्यात. त्यांनी अभ्यासक्रमाचं माहितीपत्रक चष्मा पुसून पुसून वाचलं आणि एवढंच विचारलं, "यात जमिनीचं काय करत्यात?"

म्हटलं, "आहे की. शेवटी शेवटी एक तास आहे त्यावर."

"एक तास," म्हणाले अण्णा, आणि पत्रकाची घडी घातली.

युद्धं का होतात, हा प्रश्न आमच्याकडे दोन टोळ्यांत वाटलेला होता. एक टोळी ऑक्सफर्डच्या पॉल कॉलिअर आणि आंके हॉफलर यांची. त्यांचं म्हणणं, गाऱ्हाणी सगळ्यांनाच असतात; बंड तिथंच पेटतं जिथं ते परवडतं. देशात हिरे-तेल-लाकूड असावं, तरुण पोरं शाळेबाहेर असावीत आणि परदेशातल्या नातलगांनी पैसे धाडावेत. दुसरी टोळी स्टॅनफर्डच्या जेम्स फिअरन आणि डेव्हिड लेटिन यांची. त्यांनी २००३ साली १९४५ ते १९९९ या काळातल्या १२७ यादवी युद्धांचा हिशेब मांडला आणि निष्कर्ष काढला की धर्म-वंश वेगळे असले म्हणून माणसं उठत नाहीत. देश गरीब असावा, सरकार दुबळं असावं आणि मुलूख डोंगराळ असावा. डोंगरात बंडखोरांना लपायला बरं पडतं.

शाळेची सहल प्रतापगडावर नेण्याची पद्धत असलेल्या जिल्ह्यातून मी आलेली. डोंगराचा लढाईत उपयोग होतो हे कळायला आम्हाला समीकरण लागलं नव्हतं. मी हात वर करून सह्याद्री, जावळीचं खोरं आणि अफझलखान असा सगळा पट उलगडला. प्राध्यापकांनी फार कौतुकानं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "सुंदर किस्सा आहे." त्या विभागात 'किस्सा' म्हणजे ज्याची टक्केवारी काढलेली नाही असं सत्य, हे मला पुढे कळलं.

वर्गात दोन जातीचे विद्यार्थी होते: ज्यांच्याकडे युद्ध झालं होतं ते, आणि बोलणारे. बोलणारे कॅनडा, नॉर्वे, हॉलंड असल्या सुखवस्तू देशांतून आलेले. त्यांना समाजमनावरच्या जखमांबद्दल अतोनात माहिती होती. सिएरा लिओनचा एक सहाध्यायी होता. त्याचं बालपण त्या अकरा वर्षांच्या लढाईत गेलेलं. दर चर्चासत्रात कोणी तरी मान तिरकी करून, आवाज मऊ करून त्याला विचारायचंच, "तुझा अनुभव सांगशील?" त्यानं यावर स्वतःचं एक धोरण ठरवून टाकलं होतं. तो फक्त जेवणाबद्दल बोलायचा. "त्या वर्षी कसाव्याचा पाला फार जून होता," असं सांगून तो थांबायचा, आणि बोलणारी मंडळी ते वहीत उतरवून घ्यायची.

बेलफास्टची मुलगी मात्र हातचं राखायची नाही. तिच्या गावात कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट वस्त्यांच्या मध्ये भिंती आहेत आणि १९९८ चा शांतता करार झाल्यावर त्या पाडल्या गेल्या नाहीत, उलट वाढल्या. काहींना फाटकं आहेत, ती रात्री बंद होतात. तिच्या मते या सगळ्या प्रकरणात सर्वांत जास्त पुनर्उभारणी गवंड्यांची झाली.

मग आलं निःशस्त्रीकरण. बंडखोरानं बंदूक जमा करायची, नाव नोंदवायचं, थोडे पैसे आणि सुतारकी-गवंडीकामाचं प्रशिक्षण घ्यायचं आणि घरी जायचं. कागदावर ही योजना इतकी गोड दिसते की आपणही एखादी बंदूक आणून द्यावी. लायबेरियात २००३ च्या डिसेंबरात ती सुरू झाली. माणशी तीनशे डॉलर, दोन हप्त्यांत. बंदूक नसेल तर दीडशे काडतुसंही चालतील अशी सवलत. योजना संपली तेव्हा लाभार्थी एक लाखाहून जास्त होते आणि जमा झालेल्या बंदुका अठ्ठावीस हजारांच्या आसपास. आमच्या वर्गात या तफावतीवर दोन निबंध वाचले गेले. एकात 'प्रोत्साहनांची विकृती' होती, दुसऱ्यात 'ओळखीचं राजकारण'. अण्णांना फोनवर आकडे सांगितले तर ते खळखळून हसले. "दुष्काळी अनुदानाच्या यादीत आमच्याकडं विहिरीवाले आले होते. काडतुसं कुणी वाटली त्याचं नाव काढा म्हणावं, तो गावचा पुढारी असणार."

पण अभ्यासक्रमाचा खरा तमाशा म्हणजे डेटनची रंगीत तालीम.

बोस्नियातलं युद्ध १९९२ ते १९९५ चाललं, जवळपास एक लाख माणसं मेली, वीस लाखांहून जास्त घरादाराला मुकली. ते संपवायला अमेरिकेनं तिघा अध्यक्षांना ओहायो राज्यातल्या डेटन गावाजवळच्या हवाई तळावर आणून ठेवलं: सर्बियाचा मिलोशेविच, क्रोएशियाचा तुजमान आणि बोस्नियाचा इझेत्बेगोविच. १ ते २१ नोव्हेंबर १९९५. मध्यस्थ रिचर्ड होलब्रुक. तळ का? तर तिथून पत्रकार लांब राहतात आणि पाहुण्यांना उठून जाता येत नाही. जमिनीची वाटणी आधीच ५१-४९ अशी ठरलेली, प्रश्न कुठली ५१ आणि कुठली ४९ एवढाच. गोराज्दे नावाच्या वेढलेल्या गावाला सारायेवोशी जोडणारी पट्टी किती रुंद असावी यावर घोडं अडलं. तेव्हा अमेरिकनांनी मिलोशेविचला वैमानिकांच्या सरावासाठीच्या पडद्यासमोर बसवलं आणि बोस्नियाच्या डोंगरांवरून बसल्या जागी उडवून आणलं. अरुंद पट्टीतून रस्ता जाऊच शकत नाही, मध्ये डोंगर आहेत, हे त्याला दिसलं. सोबतीला व्हिस्की होती. रात्री उशिरा पट्टी रुंद झाली. अमेरिकन मंडळी त्या रस्त्याला 'स्कॉच रोड' म्हणू लागली. पुढे शेवटच्या दिवसांत कोणी तरी हिशेब केला तर सर्बांकडे ४५ टक्केच उरलेले. मिलोशेविच खवळला. मग ज्या डोंगराळ भागात माणूस फारसा राहतच नाही असा एक अंडाकृती तुकडा शोधून त्याच्या पदरात घातला आणि ४९ भरले.

आमच्या तालमीत चिठ्ठ्या टाकून भूमिका वाटल्या. मिलोशेविच माझ्या वाट्याला आला. तुजमान झालेला जपानी मुलगा इतका विनयशील की आपल्या मागण्या वाचण्याआधी समोरच्याची क्षमा मागे. इझेत्बेगोविच म्हणून नॉर्वेची मुलगी. तिनं बसल्याबरोबर सांगितलं की शांततेसाठी आपण सारायेवोसुद्धा सोडायला तयार आहोत. त्या शहरानं चार वर्षं वेढा सोसला तो बहुधा तिचा गृहपाठ राहिल्यामुळे. सिएरा लिओनवाला होलब्रुक होता. त्यानं प्रथम सगळ्यांच्या खुर्च्यांची उंची तपासली, मग दाराला आतून कडी लावली आणि चहा बाहेरच ठेवायला सांगितला. खोलीत युद्धाचा वास आला असेल तर तेवढ्यापुरता.

मी तलाठ्याची लेक. लहानपणापासून आमच्या ओटीवर वाटण्या पाहिलेल्या. मी नकाशावर हात ठेवला आणि एक गुंठा सोडायचा नाही असं जाहीर केलं. ४५ टक्के दाखवले तर ओरडले. पट्टी आवळून धरली. नॉर्वेची मुलगी रडवेली झाली, जपानी मुलानं आपला दाल्मेशियाचा किनारा देऊ केला. संध्याकाळच्या गाड्या असल्यामुळे साडेचारला करार झाला. प्राध्यापकांनी शेरा दिला की माझ्या मागण्या अवास्तव होत्या. त्यांपैकी एकही मी पदरची घातलेली नव्हती, सगळ्या होलब्रुकच्या आठवणींच्या पुस्तकातून उचललेल्या.

खऱ्या डेटनमध्ये दोन भागांच्या मधली हद्द नकाशावर जाड रेघेनं मारली गेली. प्रमाण असं होतं की ती रेघच जमिनीवर पन्नासेक मीटर रुंद भरली. रेघेच्या पोटात घरं आली. सारायेवोच्या विमानतळाशेजारच्या दोब्रिन्या वस्तीत तर ती सदनिकांच्या इमारतींमधून गेली. तिथली हद्द कायम करायला अखेर एक आयरिश न्यायाधीश लवाद म्हणून बसवावा लागला. निकाल लागला २००१ साली. हे अण्णांना सांगितलं तेव्हा फोनवर जरा वेळ काहीच ऐकू आलं नाही. त्यांची सबंध हयात बांधांवर गेलेली. मग म्हणाले, "मोजणी न करता नकाशा काढला? आणि सह्या केल्या?" करारावर पॅरिसमध्ये १४ डिसेंबरला सह्या झाल्या, साक्षीला अमेरिकेचे अध्यक्ष होते, असं मी सांगून पाहिलं. "असू देत. मोजणी पाहिजे."

वसंतात आमची सहल बोस्नियाला गेली. तिला 'क्षेत्रभेट' म्हणायचं. सारायेवोतल्या लोकांना क्षेत्रभेटी ओळखू येतात. गळ्यात ओळखपत्रं, पायात चिखलासाठी घेतलेले महागडे बूट आणि चेहऱ्यावर अंत्यदर्शनाला आल्याचा भाव. त्या शहराचा स्वभाव याच्या अगदी उलट. १९९३ मध्ये, वर डोंगरावरून तोफा चालू असताना, तिथल्या 'फामा' नावाच्या गटानं 'सारायेवो सर्व्हायव्हल गाइड' काढलं, हुबेहूब प्रवासी मार्गदर्शिकेच्या थाटात: काय खावं, कुठून पळावं, पाणी कुठं मिळेल. आणि ऐतिहासिक संग्रहालयाजवळ २००७ पासून एक भलामोठा डबा उभा आहे. गोमांसाचा सीलबंद डबा. वेढ्याच्या काळात मदत म्हणून असले डबे येत आणि त्यातल्या मालाला कुत्रीही तोंड लावत नसत, असं लोक सांगतात. चौथऱ्यावर कोरलंय की हे आंतरराष्ट्रीय समुदायाचं स्मारक आहे, कृतज्ञ सारायेवोकरांकडून. आमच्या कॅनेडियन सहाध्यायानं तिथं गंभीर चेहऱ्यानं फोटो काढून घेतला. त्याला कृतज्ञता खरी वाटली.

आंतरराष्ट्रीय समुदाय तिथं आहे मात्र भरपूर. डेटन करारातल्या चौथ्या परिशिष्टात देशाची राज्यघटना आहे. तिच्यानुसार अध्यक्ष तीन: एक बोस्नियाक (म्हणजे तिथला मुसलमान), एक सर्ब, एक क्रोएट, आणि प्रमुखपद आठ-आठ महिन्यांनी फिरतं. ज्यू किंवा रोमा माणसाला उभं राहता येत नाही. दोघांनी स्ट्रासबर्गच्या युरोपियन मानवाधिकार न्यायालयात दावा लावला, २००९ साली जिंकला, आणि ते घोंगडं अजून भिजत पडलंय. केंद्राचं एक, दोन घटकांची दोन, दहा कँटनांची दहा आणि ब्रच्को जिल्ह्याचं एक, अशी चौदा सरकारं. लोकसंख्या २०१३ च्या शिरगणतीत ३५ लाख. सातारा जिल्ह्याची २०११ ची ३० लाख आहे आणि आमचं एका कलेक्टरवर भागतं.

कलेक्टर तिथंही आहे म्हणा. सगळ्यांच्या वर 'उच्च प्रतिनिधी' नावाचा एक युरोपियन गृहस्थ असतो. त्याला कोणी निवडून देत नाही, पण १९९७ पासून तो कायदा लादू शकतो आणि निवडून आलेल्याला घरी बसवू शकतो. २००४ च्या जून महिन्यात पॅडी अ‍ॅशडाउन यांनी एका दिवसात जवळपास साठ जणांना घरी बसवलं. ब्रिटिश गृहस्थ, पूर्वी सैन्यात, नंतर तिकडच्या एका पक्षाचे नेते, आणि जन्म १९४१ चा, नवी दिल्लीतला. हे वाचल्यावर मला वर्गात हसू आवरेना. मी एकटीच नव्हते. गेराल्ड क्नाउस आणि फेलिक्स मार्टिन या दोन अभ्यासकांनी २००३ साली या कारभारावर लेख लिहिला होता आणि शीर्षकातच त्याला युरोपियनांचं 'राज' म्हटलं होतं. त्यांनी तुलनेला आमच्या ओळखीचा जेम्स मिल घेतला, ज्यानं एकदाही हिंदुस्थानात पाऊल न टाकता हिंदुस्थानचा इतिहास लिहून टाकला. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांचा हा मूळपुरुष पाहून मला माहेरचं माणूस भेटल्यासारखं झालं.

आपल्याकडच्या माणसाचा त्या मुलखाशी याहून सरळ संबंध आला तो १९९२ मध्ये. युगोस्लाव्हियात उतरलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या संरक्षण दलाचे पहिले सेनापती होते लेफ्टनंट जनरल सतीश नंबियार, मराठा लाइट इन्फन्ट्रीचे. लढाई तेव्हा क्रोएशियात होती, म्हणून मुख्यालय शांत जागी असावं असं वरच्यांनी ठरवलं. शांत जागा म्हणून सारायेवो निवडलं. मार्चमध्ये बस्तान बसवलं, एप्रिलमध्ये वेढा पडला, मे महिन्यात मुख्यालयाला तिथून हलावं लागलं. आमच्या अभ्यासक्रमात 'पूर्वसूचना यंत्रणा' असा एक सबंध घटक होता, त्यात हे उदाहरण नव्हतं.

युद्ध संपल्यावर देश उभा करायचा म्हणजे काय करायचं? तर ज्याला तिघांपैकी एकाचीही हरकत येणार नाही ते शोधायचं. झेंडा घ्या. संसदेत एकमत होईना. नागानोचं हिवाळी ऑलिम्पिक तोंडावर आलं, मग फेब्रुवारी १९९८ मध्ये तेव्हाचे उच्च प्रतिनिधी कार्लोस वेस्टेनडॉर्प यांनी झेंडा ठरवून टाकला. निळा रंग, पिवळा त्रिकोण, चांदण्यांची ओळ. रांगेतली पहिली आणि शेवटची चांदणी अर्धी कापलेली. चंद्रकोर नाही, क्रूस नाही, गरुड नाही; दुरून पाहिलं तर एखाद्या विमा कंपनीची दिनदर्शिका. मग राष्ट्रगीत. त्याला १९९९ पासून चाल आहे, शब्द नाहीत. शब्द आले की कोणाचा तरी पराक्रम येणार. वेस्टेनडॉर्प स्पेनचे, आणि स्पेनच्या राष्ट्रगीतालाही शब्द नाहीत, त्यामुळे त्यांना यात काही कमी पडल्यासारखं वाटलं नसावं. खेळाडू पदक स्वीकारताना ओठ मिटून उभे असतात आणि कोणालाच पाठांतराचं टेन्शन नसतं.

यातली एकच युक्ती मला मनापासून आवडली, ती मोटारीच्या पाट्यांची. पूर्वी पाटीवरून गाडी कोणत्या बाजूची ते कळायचं आणि रेघेपलीकडे गेलं की काचा फुटायच्या. १९९८ मध्ये नवीन पाट्या आल्या. त्यांवर गावाचं नाव नाही आणि अक्षरं फक्त तीच, जी रोमन आणि सिरिलिक दोन्ही लिप्यांत सारखीच दिसतात. ए, ई, जे, के, एम, ओ, टी. कोणाचं मन वळवलं नाही, कोणाची कार्यशाळा घेतली नाही. माणसं रेघ ओलांडून बाजारहाटाला जाऊ लागली.

ना-हरकत दाखल्याचा कळस मोस्तारमध्ये आहे. १५६६ चा तिथला कमानी पूल १९९३ च्या नोव्हेंबरात तोफांनी पाडला, तो २००४ मध्ये पुन्हा बांधून झाला, आणि सगळ्या जगानं टाळ्या वाजवल्या. पण नदीच्या दोन्ही अंगांना विद्यापीठं दोन, अग्निशमन दलं दोन, आणि एकाच इमारतीत भरणाऱ्या शाळेतही अभ्यासक्रम दोन. महापालिकेची निवडणूक २००८ नंतर थेट २०२० च्या डिसेंबरात. महापालिका निवडणुकीविना दिवस काढायची सवय आपल्यालाही झाली होती, पण बारा वर्षं म्हणजे एक पिढी मतदानाची शाई न बघता वयात येते. तीही निवडणूक लागली ती इर्मा बरालिया नावाच्या शिक्षिकेनं स्ट्रासबर्गला दावा जिंकला म्हणून. तर अशा या गावात काही तरुण साहित्यिक मंडळींनी ठरवलं की एक पुतळा असा हवा, ज्याच्याबद्दल कोणीही तोंड उघडू शकणार नाही. संत नको, सेनापती नको, कवी तर नकोच. शेवटी ब्रूस लीवर एकमत झालं. तो कोणाचाच नव्हता आणि लहानपणी सगळ्यांनीच त्याचे सिनेमे पाहिले होते. पुतळा २००५ साली बसला, हाँगकाँगमधल्या त्याच्या पुतळ्याच्या आधी एक दिवस. आता त्याचा पवित्रा कोणत्या दिशेला, यावर खल. पूर्वेकडे तोंड केलं तर तो बोस्नियाकांवर चालून जातोय, पश्चिमेकडे केलं तर क्रोएटांवर. म्हणून उत्तरेकडे वळवला. मग लगेच कोणी तरी त्याचा नुनचाकू पळवला.

आम्ही तिथं अर्धा तास उभे होतो. पुतळा उंचीनं माझ्याएवढाच, रंग पितळी भांड्यासारखा. नॉर्वेच्या मुलीनं 'प्रतीकात्मक तटस्थता' असं टिपण घेतलं. सिएरा लिओनवाला पुतळ्याशेजारी तोच पवित्रा घेऊन उभा राहिला आणि मला म्हणाला, फोटो काढ. सबंध वर्षात तो मनापासून हसलेला मी तेव्हाच पाहिला.

परत आल्यावर सत्र संपता संपता तो एक तास आला, जमिनीचा. डेटनचं सातवं परिशिष्ट. वर्गात हजेरी निम्मी, कारण त्याच वेळी क्षमाशीलतेवर पाहुण्यांचं व्याख्यान होतं. आणि जे ऐकलं त्यानं मी ताठ बसले. युद्धात पळालेल्यांच्या घरांत दुसरे पळालेले घुसले होते, स्थानिक पुढाऱ्यांनी त्यांना रीतसर कागद करून दिले होते. आयत्या बिळावर नागोबा, आणि नागोबाकडे भाडेपावती. सातव्या परिशिष्टानं म्हटलं, ज्याचं घर त्याला परत. सुरुवातीची वर्षं कचेऱ्यांनी 'आज साहेब नाहीत' यावर काढली. मग १९९९ पासून सगळीकडे कायदा एकच केला. अर्ज आले त्या क्रमानंच निकाल. कोणाचा वशिला नाही, कोणाची दया नाही. ज्याचं स्वतःचं घर शाबूत आहे आणि तरी दुसऱ्याचं बळकावून बसलाय, त्याला पंधरा दिवसांची नोटीस. दर महिन्याला गावनिहाय तक्ता प्रसिद्ध: अर्ज किती, निकाल किती, ताबा किती. दोन लाखांहून जास्त अर्ज होते. २००५ च्या सुमारास नव्वद टक्क्यांहून अधिक मिटलेले होते. जगात असं आधी कुठं झालं नव्हतं. पुष्कळांनी किल्ली हातात पडल्यावर घर विकलं आणि आपल्या लोकांत जाऊन राहिले. पण विकलं ते स्वतःचं, स्वतःच्या सहीनं.

यावर प्राध्यापकांनी आठ स्लाइड दाखवल्या. समेट या विषयाला सहा आठवडे दिले होते.

अण्णांना हे सांगताना मला त्या रात्री फोनचं बिल सुचलं नाही. त्यांना प्रत्येक पायरी हवी होती. नोटीस हातात दिली की दारावर डकवली? जमिनीचं दप्तर जळालं नव्हतं का? म्हटलं, तिकडची जमीननोंदवही ऑस्ट्रियाच्या अमलापासूनची आहे. "मग बरोबर," म्हणाले, "दप्तर परक्यानं घातलेलं असलं की टिकतं. आपला फेरफाराचा नमुना सहा बघ." हरकती कुठं नोंदवल्या? सहा-अ सारखी वेगळी वही होती का? ताबा घेताना पंच कोण? मी म्हटलं, पोलिस हजर असायचे, पण जाणारी माणसं दारं, खिडक्या, न्हाणीतले नळ उपसून न्यायची.

"नेणारच," अण्णा म्हणाले. "पंचनाम्यात नळ लिहायचा असतो आधी. आमचे नवीन लोकपण विसरत्यात." मग घसा खाकरून, आईला ऐकू जाणार नाही अशा आवाजात, "काय गं, तिथल्या त्या उच्च साहेबाच्या कचेरीत निवृत्त माणसाला कंत्राटी घेतात का?"

मी सांगितलं की ती कचेरी बंद करायचं ठरलंय. २००७ च्या जूनमध्येच बंद व्हायची होती, तेव्हापासून मुदतवाढ चालू आहे.

"मग घाई नाही," म्हणाले. "मोतीबिंदूचं ऑपरेशन तेवढं उरकून घेतो."